विलापातील फिर्याद

दुसऱ्याचे दुःख आपल्याला गोड का वाटावे, हा प्रश्न फार जुना आहे. नाटक आणि काव्य यांच्या निमित्ताने आपल्या शास्त्रकारांनी त्याचा पुरेपूर कीस पाडला आहे. आज तो पुन्हा विचारावासा वाटतो तो आयर्लंडमधील स्त्रियांच्या लोकगीतांमुळे. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील गेलिक भाषांतली ही गाणी गेल्या चार-पाच दशकांत जगभर पोहोचली. ज्यांना त्या भाषांतला एक शब्दही कळत नाही अशी असंख्य माणसे ती आवडीने ऐकतात. आपल्याही घरांतील तरुण मंडळींना ती अपरिचित नाहीत. साथसंगत अगदी बेताची, कित्येकदा मुळीच नाही. एकट्या स्त्रीचा आवाज, लांबत जाणारे स्वर आणि गाणे संपल्यावर मागे उरणारी हुरहुर. काय आवडले असे विचारले तर बहुधा एकच उत्तर येते : ‘अर्थ कळत नाही, पण मनाला शांत वाटते.’

हे उत्तर प्रामाणिक आहे. तथापि या गाण्यांपैकी पुष्कळशी गाणी कोणाला शांत वाटावे म्हणून जन्माला आलेली नाहीत, हे ध्यानात घेतले की ते उत्तर पुरेसे वाटेनासे होते.

आपल्या साहित्यशास्त्राने या बाबतीत एक तोडगा दिला आहे. भरताने करुणाला रसांमध्ये स्थान दिले आणि शोक हा त्याचा स्थायी भाव मानला. शोकातून आनंद कसा निष्पन्न होतो, याचा उलगडा भट्टनायकाने साधारणीकरणाच्या कल्पनेने केला आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्ताने ती कल्पना आपल्या विवेचनात सामावून घेतली. शोक जोवर ‘माझा’ किंवा ‘अमक्याचा’ असतो तोवर तो दुःखदायक असतो. व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या मर्यादा गळून पडल्या म्हणजे तो आस्वाद्य होतो. रंगभूमीपुरते हे समाधान उत्तम आहे. परंतु लोकगीतातील शोक करणारी स्त्री पुष्कळदा खरोखर होऊन गेलेली असते. तिला नाव होते, गाव होते, तिच्यावर अन्याय करणारा कोणी होता. आपल्या आस्वादासाठी ते नाव, ते गाव आणि तो अन्यायकर्ता असे सगळेच गळून पडावे काय? माझ्या मते या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

एक उदाहरण घेऊ. आर्ट ओलिअरी हा कॉर्क परगण्यातील कॅथलिक तरुण ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीच्या सैन्यात अधिकारी होता. त्या काळच्या आयर्लंडमधील कायद्यान्वये कॅथलिकाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नसे. प्रॉटेस्टंटाने पाच पौंड पुढे केले तर जनावर त्याच्या स्वाधीन करावे लागे. अब्राहम मॉरिस नावाच्या वजनदार गृहस्थाने आर्टच्या घोडीची अशीच मागणी केली, असे सांगतात. आर्टने ती धुडकावली. वैर वाढत गेले आणि ४ मे १७७३ रोजी कॅरिगानिमा या गावाजवळ आर्टला गोळी घालून ठार करण्यात आले. त्याची पत्नी आयलीन दुव नी खोनिल हिने केलेला विलाप आयरिश भाषेतील श्रेष्ठ काव्यांत गणला जातो. रिकाम्या खोगिराने परतलेली घोडी, तिच्यावर झेप घेऊन तिने गाठलेले ते ठिकाण, रक्तात पडलेला पती, हे सर्व त्यात आहे. आणि मॉरिसचे नाव घेऊन दिलेले शापही आहेत. न्यायासनासमोर मॉरिस निर्दोष सुटला. विलाप मात्र लोकांच्या तोंडी राहिला आणि पुढे विलापाचेच काम करणाऱ्या एका स्त्रीच्या मुखातून कागदावर उतरला. आज मॉरिसचे नाव जगाला ठाऊक आहे ते न्यायालयाच्या दप्तरामुळे नव्हे, त्या विधवेमुळे.

हा केवळ एका बुद्धिमान स्त्रीचा पराक्रम नव्हता, त्यामागे रूढी होती. मृताच्या उशाशी बसून स्त्रियांनी सुरात विलाप करायचा, त्याचे कूळ आणि गुण सांगायचे, ही आयर्लंडमधली जुनी प्रथा. या विलापात मृताची स्तुती असे तशी जिवंतांची झाडाझडतीही असे; क्रूर नवरा, कंजूष आप्त, कधी खुद्द पाद्रीसुद्धा तिच्यातून सुटत नसे. एरवी ज्या बाईला चारचौघांत बोलण्याची मुभा नव्हती तिला त्या वेळी कोणी अडवू शकत नसे. सतराव्या शतकापासून चर्चच्या धर्मसभांनी या प्रथेवर वारंवार बंदी घातली. नुसत्या हुंदक्यांना कोणतीही सत्ता इतकी भीत नाही. जॉन मिलिंग्टन सिंग या नाटककाराने अ‍ॅरन बेटांवर एका ऐंशी वर्षांहून अधिक वयाच्या वृद्धेच्या दफनाच्या वेळी असा विलाप ऐकला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तो सांगतो की, तो शोक त्या एका म्हातारीपुरता नव्हता. बेटावरील प्रत्येक माणसाच्या मनातील संताप त्यात दाटून आला होता. म्हणजे साधारणीकरण तिथेही झालेच. पण ते होऊन जे हाती आले ते शांतपण नव्हते.

मग या गाण्यांना हळुवार, स्वप्नाळू असा शिक्का बसला कसा? त्याचा एक धागा मॅथ्यू अर्नोल्ड या इंग्रज कवी-समीक्षकापर्यंत जातो. केल्टिक साहित्याच्या अभ्यासावरील त्याची व्याख्याने १८६७ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. केल्ट माणूस भावनाप्रधान, विषण्ण, स्वभावाने काहीसा स्त्रीसारखा आणि म्हणून व्यवहार व राज्यकारभार यांत मागे पडणारा, असे चित्र त्याने मोठ्या प्रेमाने रंगवले. आणि त्याच ग्रंथात, वेल्श भाषा व्यवहारातून जितक्या लवकर नाहीशी होईल तितके बरे, असेही मत मांडले. हा गृहस्थ पेशाने शाळा-निरीक्षक होता, हे विसरता येत नाही. गाण्यातील विषादावर लोभ आणि गाणाऱ्याच्या भाषेविषयी बेफिकिरी, ही दोन्ही एका माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात. अर्नोल्ड दुष्ट नव्हता. म्हणूनच त्याचे उदाहरण अधिक अस्वस्थ करते.

आजच्या ध्वनिमुद्रित संगीतात ही वाट आणखी पुढे गेलेली दिसते. एन्या ही गायिका डोनेगल परगण्यातील ग्वीडोर या आयरिशभाषक भागातली. स्वतःच्याच आवाजाचे अनेक थर एकमेकांवर चढवून तिने घडवलेला नाद अद्वितीय आहे आणि त्यामागचे परिश्रम वादातीत आहेत. परंतु २००५ च्या ‘अमरँटाइन’ या संग्रहातील काही गीते लॉक्शियन नावाच्या भाषेत आहेत आणि ही भाषा तिची गीतकार रोमा रायन हिने नव्याने तयार केलेली आहे. ती कोणत्याही गावात बोलली जात नाही. तिच्यातला शोक कोणाचाच नाही. साधारणीकरणाचे हे टोकच म्हणायचे. या उलट एन्याच्याच भावंडांच्या क्लॅनाड या वृंदाने १९८२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या रक्तरंजित संघर्षावरील दूरचित्रवाणी मालिकेसाठी आयरिश शब्दांचे गीत गायले आणि ते ब्रिटनमधील लोकप्रिय गीतांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले. ज्या लोकांशी वैर चालले होते त्यांची भाषा इंग्रजांच्या घराघरांत शिरली. ऐकणाऱ्यांना अर्थ कळला नसेल. पण ती कोणाची भाषा आहे, हे त्यांना टाळता आले नसेल.

कोणी म्हणेल, संगीताला शब्दांचे ओझे कशाला? आपणही ख्याल ऐकताना बंदिशीचा अर्थ विचारीत बसत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु आयर्लंडच्या ‘शान-नोस’ म्हणजे ‘जुनी रीत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गायकीची घडण वेगळी आहे. तिथे साथ नसते, आणि भाव दाखवण्यासाठी आवाज चढवणे-उतरवणेही नसते; हरकती येतात त्या शब्दांच्या अक्षरांना बिलगून. गाण्यामागची हकीकत ठाऊक असणे हा गाणे येण्याचाच भाग समजला जातो. गाणारी पुष्कळदा डोळे मिटून गाते. शेजारी बसलेला कोणी तिचा हात हाती घेऊन तालावर हळूहळू फिरवतो. मधूनच कोणी धीराचा शब्द उच्चारतो. दुःख सांगणारी आणि ऐकणारा यांच्यात नाते आहे, हे तो हात सांगतो.

‘शूल अ रून’ हे गीत या दृष्टीने बोलके आहे. प्रियकर परदेशी सैन्यात निघाला आहे. त्याला तलवार घेऊन देण्यासाठी ती आपला सूतकताईचा चरखा विकायला निघते. कडवी इंग्रजीत, ध्रुपद आयरिशमध्ये. हे गाणे देशांतरितांबरोबर अमेरिकेत गेले, आणि कालांतराने काही ठिकाणी ध्रुपदाचे शब्द इतके झिजले की निव्वळ निरर्थक अक्षरे उरली. सूर राहिला, भाषा गेली. प्रत्यक्ष आयर्लंडमध्ये २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आयरिश येते असे नोंदवले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच निघाले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे आकडे परके वाटू नयेत. आपल्या कित्येक घरांत आरतीचा ठेका नातवंडांना अचूक येतो, शब्दांचा अर्थ विचारला तर ती गप्प होतात. आपल्या आजीने जात्यावर गायिलेल्या ओव्या आठवून पाहाव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या; त्यांत देवाची भक्ती आहे, माहेरची ओढ आहे आणि सासुरवासाची स्पष्ट तक्रारही आहे. उद्या कोणा परदेशस्थाने ती ओवी ऐकून ‘किती शांत वाटते’ एवढेच म्हटले, आणि ती बाई कोण, ती काय सांगते, हे विचारलेच नाही, तर आपल्याला बरे वाटेल काय? क्षणभर वाटेल, पण आजीचे म्हणणे तिथवर पोहोचले, असे आपण म्हणू शकणार नाही.

म्हणून ही गाणी ऐकू नयेत, किंवा आधी इतिहास वाचून मगच ऐकावीत, असा दंडक कोणी घालू नये. पहिल्या श्रवणात मन विरघळते, त्यात गैर काही नाही. किंबहुना तेवढ्यासाठीच सूर असतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. डोळे पाणावल्यावर आपण तिथेच थांबतो, की ते दुःख कोणाचे, ते कोणी दिले, असे विचारतो? पहिल्या प्रकारचे श्रोते अर्नोल्डच्या पंक्तीत बसतात. दुसऱ्या प्रकारचा श्रोता निदान त्या स्त्रीचा हात हाती घेतो.

आपल्या परंपरेत याचा दाखला अगदी आरंभीच सापडतो. तमसेच्या तीरावर व्याधाने क्रौंच नराला मारले आणि मादीचा आक्रोश वाल्मीकींच्या कानी पडला. त्या शोकाचा श्लोक झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो पहिला श्लोक आक्रोशाच्या माधुर्याचे वर्णन करीत नाही. तो व्याधाला उद्देशून उच्चारलेला शाप आहे. विलाप ऐकल्यावर ऋषीने सर्वांत आधी अपराध्याकडे पाहिले. काव्य त्यानंतर आले.