पाण्याखाली थांबणारे धान

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले आणि नदीकाठच्या धानाच्या बांध्या बुडाल्या. बुडालेले धान सहसा एकच करते. उंच वाढून पाण्याबाहेर पात काढू पाहते. त्या धडपडीत साठवलेले अन्न संपते आणि पाणी ओसरल्यावर रोप आडवे पडते. काही मोजके वाण मात्र वाढच थांबवतात, साठा जपतात आणि पाणी उतरले की नव्याने फुटतात. रोपाला हे थांबणे सांगते कोण? या प्रश्नाच्या उत्तराचा माग काढत गेले, की वाट धानाच्या शेतातून निघून थेट कोंबडीच्या अंड्यापाशी जाते.

१९०६ मध्ये फीबस लेव्हीन यांना अंड्याच्या बलकातल्या व्हिटेलिन या प्रथिनात फॉस्फेट सापडले. पुढे १९३२ मध्ये त्यांनी आणि फ्रिट्झ लिपमन यांनी ते सेरीन या अमिनो आम्लाला जोडलेले असते हेही दाखवले. दुधातल्या केसीनमध्येही फॉस्फेट होतेच. पण बलक आणि दूध ही पिल्लांची अन्ने, त्यामुळे फॉस्फेट म्हणजे पोषणाचा साठा, असे मानले गेले. प्रथिन कशाचे बनले आहे, हा प्रश्न त्या काळाने मन लावून सोडवला. फॉस्फेट तिथे केव्हा बसते आणि केव्हा उठते, हे विचारायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १९२९ मध्ये एटीपी हा रेणू सापडला. जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. प्रथिनावर बसणारे फॉस्फेट याच एटीपीकडून येते.

खरे वळण आले स्नायूंच्या अभ्यासातून. कार्ल आणि गर्टी कोरी यांनी ग्लायकोजेन फोडणाऱ्या फॉस्फोरिलेज या विकराची दोन रूपे वेगळी केली होती, एक कामाला तयार आणि एक सुस्त. तयार रूपाला सुस्त करणारे दुसरे एक विकरही त्यांना मिळाले होते. ते एक जोडगट काढून टाकते, हा त्यांचा अंदाज बरोबर होता. तो जोडगट कोणता, हे मात्र चुकले. सिएटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी तेच काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा विचित्र अनुभव आला. स्नायूंचा अर्क कागदातून गाळला तर विकराचे तयार रूप हाती येई आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून स्वच्छ केला तर सुस्त रूपच उरे. गाळण्याच्या कागदातले किंचितसे कॅल्शियम ही किमया करत होते! त्या कॅल्शियमने जागे झालेले विकर एटीपीचे फॉस्फेट उचलून फॉस्फोरिलेजवर बसवत होते. १९५५ साली हे उघड झाले. फॉस्फेट बसले की प्रथिनाचा आकार बदलतो आणि काम सुरू होते, निघाले की थांबते. बसवणाऱ्याला कायनेज म्हणतात, काढणाऱ्याला फॉस्फटेज. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीतले तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, जसे उघडता येते तसे बंदही करता येते, आणि उघडायला लागणारा जोर सुटणाऱ्या पाण्यापुढे नगण्य असतो, तसेच हे. फिशर आणि क्रेब्स यांना नोबेल मिळाले ते १९९२ मध्ये, सदतीस वर्षांनी. स्नायूंपुरती वाटणारी ही युक्ती जवळजवळ सगळ्या जीवसृष्टीची आहे, हे पटायला तेवढा वेळ गेला.

१९८९ मध्ये मार्क माँटमिनी यांच्या प्रयोगशाळेने पेशीत संदेश पोचवणाऱ्या साखळीचे दुसरे टोक दाखवले. संप्रेरकाचा संदेश पेशीत आला की प्रोटीन कायनेज ए जागे होते आणि डीएनएवर बसणाऱ्या क्रेब या प्रथिनाच्या १३३ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावते. मग जनुक बोलू लागते. पेशीच्या वेशीवरची बातमी गाभ्यातल्या जनुकापर्यंत कशी पोचते, याचे नेमके उत्तर त्यातून मिळाले.

आता धानाकडे. ओडिशाच्या एका पारंपरिक वाणातून निवडलेले एफआर १३ए पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरते. त्यामागचे सब१ए हे जनुक २००६ मध्ये हाती आले. बुडालेल्या रोपात इथिलीन साचते, त्याने हे जनुक चालू होते आणि त्याचे प्रथिन वाढीच्या संप्रेरकांना लगाम घालते. तग धरणाऱ्या रूपात १८६व्या जागी सेरीन असते, न धरणाऱ्यात प्रोलीन. प्रोलीनवर फॉस्फेट बसत नाही. २०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेतल्या पल्लवी सिंह आणि आलोक कृष्ण सिन्हा यांनी पुढचा दुवा जोडला. एमपीके३ हे कायनेज सब१एच्या सहनशील रूपावर फॉस्फेट बसवते, आणि ते प्रथिन उलट एमपीके३च्याच जनुकाला चालना देते. दोघे एकमेकांना जागे ठेवतात. सगळा फरक एका सेरीनचा, असे म्हणणे घाईचे होईल, कारण त्या वाणात जनुक किती जोराने व्यक्त होते यालाही महत्त्व आहे. तरीही बलकातले जे सेरीन पिल्लाची शिदोरी म्हणून नोंदले गेले, त्याच अमिनो आम्लापाशी बुडत्या रोपाचा कस लागतो, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

हे ज्ञान कागदावर राहिले नाही. सब१ए संकरातून स्वर्णा वाणात आणले गेले आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झाले.

भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला मात्र याहून अधिक मागण्याचा हक्क आहे. सब१ए उपयोगी पडते ते रोवणी झालेल्या, पाने फुटलेल्या रोपाला. आवत्या टाकलेले, म्हणजे रोवणी न करता थेट शेतात पेरलेले, बी लगेच पाण्याखाली गेले, तर त्याला थांबून चालत नाही. ऑक्सिजन नसताना उगवायचे असते, त्यासाठी स्टार्चची साखर करायची असते. तिथे सीआयपीके१५ नावाचे दुसरे कायनेज कामाला येते आणि स्टार्च फोडणाऱ्या अमायलेजचे जनुक चालू करवते, हे तैवानच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. रोपाला थांबवणारी आणि बियाला उगवायला लावणारी या दोन वेगळ्या साखळ्या आहेत. मजुरी परवडत नाही म्हणून रोवणी सोडून पेरणीकडे वळणाऱ्यांना एकाच वाणात दोन्ही हव्या आहेत.