रोगशय्येवरील धैर्य

गृहस्थाश्रमात अनेक प्रकारची दुःखे येतात. परंतु कठीण व्याधी घरात शिरली म्हणजे श्रद्धेची जशी परीक्षा होते तशी क्वचितच अन्य प्रसंगी होते. नित्याची पूजा व जप यथासांग चालू असताही ‘हे माझ्याच वाट्याला का?’ असा प्रश्न रोग्याच्या मनात उठतो. भेटीस येणारे आप्तेष्ट ‘धीर धरा’ असे सांगून जातात; पण धीर धरणे म्हणजे काय करणे, हे सहसा कोणी सांगत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी धृतीचे तीन प्रकार वर्णिले आहेत. जिच्या योगाने मन, प्राण व इंद्रिये यांचे व्यापार स्वाधीन राहतात ती सात्त्विक धृती. फळाच्या इच्छेने धर्म, अर्थ व काम यांना धरून राहते ती राजस. आणि जिच्यामुळे मूढ मनुष्य निद्रा, भय, शोक व विषाद यांना सोडीत नाही ती तामस. भय व शोक यांना धरून ठेवणे हीही धृतीच होय, हे येथे विशेष मनन करण्याजोगे आहे. रोगी अर्ध्या रात्री जागा राहून ज्या दृढतेने चिंतेला कवटाळतो, तीच दृढता भगवंताच्या नामाकडे वळविता येते. धैर्य कोठून उसने आणावयाचे नसते. जवळ असलेले योग्य ठिकाणी लावावयाचे असते.

तिरुवण्णामलैचे श्रीरमणमहर्षी यांचे अखेरचे दिवस या दृष्टीने चिंतनीय आहेत. त्यांच्या डाव्या हातावर एक लहानशी गाठ आली. १९४९ च्या फेब्रुवारीत ती काढण्यात आली, पण पुन्हा वाढली. ती सार्कोमा नामक दुर्धर रोगाची असल्याचे निष्पन्न झाले. त्या एका वर्षात चार वेळा शस्त्रक्रिया झाली. महर्षींनी वैद्य-डॉक्टरांना उपचार करू दिले आणि पीडा होतच नाही असा देखावाही केला नाही. देहाला वेदना आहे, पण देह म्हणजे आपण नव्हे, ही त्यांची निष्ठा मात्र ढळली नाही. शक्ती क्षीण होत असताही भक्तांना दर्शन मिळत राहावे असा त्यांचा आग्रह होता. १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला.

हात तोडण्याची सूचना त्यांनी स्वीकारली नव्हती. परंतु गृहस्थाने महापुरुषांच्या वृत्तीचे अनुकरण करावे, बाह्य निर्णयाचे नव्हे. ‘देवाची इच्छा’ असे म्हणून औषध टाकून देणे ही शरणागती नव्हे. दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण व सुखदुःख यांना अनित्य जाणून ती सहन करण्याची जी आज्ञा आहे, ती अर्जुनाला कर्तव्यासाठी उभे करण्याकरिता आहे, हातपाय गाळून बसण्याकरिता नव्हे. उपचार घेणे हे रोग्याचे त्या समयीचे कर्तव्य आहे. फळ ईश्वराधीन आहे.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या गृहस्थाला आज आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसकरिता रुग्णालयात जावे लागते. प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राजवळ पडून राहावयाचे, पाणीदेखील मोजून प्यावयाचे. तहान लागली असता वाटी खाली ठेवणे, हा त्याचा इंद्रियनिग्रह. सुई टोचणाऱ्या परिचारिकेशी गोड बोलणे, हे त्याचे वाङ्मय तप. ते चार तास नामस्मरणात गेले तर तीच त्याची उपासना. पत्नीपासून आजार न लपविणे, मुलांना घरची स्थिती शांतपणे समजावून सांगणे आणि अभिमान सोडून त्यांची सेवा स्वीकारणे, यालाही मोठे धैर्य लागते.

कधी रोग्याला रडू येईल, कधी जप होणार नाही. तेवढ्याने आपली भक्ती खोटी ठरली असे त्याने मानू नये. अर्जुनही गांडीव टाकून बसला होता. परंतु आपली व्याकुळता त्याने भगवंतांपुढेच मांडली, आणि तेथूनच त्याच्या उद्धारास आरंभ झाला. घरच्यांनीही अशा वेळी उपदेश न करता उशाशी बसून हात हाती धरावा व हळूच नाम घ्यावे. रोग जाईल किंवा राहील. पण व्याधिग्रस्त देहातही मन भगवंताला देण्याचे स्वातंत्र्य अखेरच्या श्वासापर्यंत मनुष्याजवळ असते. त्याचा उपयोग आजच्या औषधाच्या वेळेपासूनच करावा.