कासवाची अंडी आणि आपली ममता

गेल्या माघात, तळ्यालगत राहणाऱ्या एका सभासद कुटुंबाने आम्हांस एक प्रश्न विचारला. परसात फुलझाडांसाठी माती उकरीत असता त्यांना पांढरी, वाटोळी, टणक कवचाची काही अंडी दिसली. ती कासवाची आहेत, असे घरातील आजीबाईंनी ओळखले व कोणासही त्यांना हात लावू दिला नाही. मुलांनी मात्र हट्ट धरला की, खोक्यात वाळू भरून, वर विजेचा दिवा लावून ती घरीच उबवावीत आणि पिले निघाली म्हणजे टाकीत पाळावीत. देवळात शिरताच ज्याचे दर्शन घडते, त्या कासवाच्या अंड्यांचे रक्षण करणे हे पुण्यकर्मच नव्हे काय, असा वडीलमंडळींचाही कल दिसला.

प्रथम आम्हांसही तसेच वाटले. भूतदया ही आपल्या घरांतून लहानपणीच शिकविली जाते, व मुले आपण होऊन जीव वाचवू म्हणतात, तेव्हा त्यांना मोडता कोण घालील? परंतु विचार करता करता हा प्रश्न वाटला तितका सोपा राहिला नाही.

कोंबडी अंड्यांवर बसते, त्यांना ऊब देते, चोचीने फिरविते. कासवी यांपैकी काहीच करीत नाही. ती मागच्या पायांनी खळगा करते, अंडी घालते, माती लोटते आणि पाण्याकडे निघून जाते. ऊब द्यावयाची ती जमिनीने व सूर्याने. पक्ष्याचे अंडे फिरवावे लागते. कासवाचे फिरविले तर घात होतो. अंडी घातल्यावर थोड्याच वेळात आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो, व नंतर अंडे उलटे झाल्यास तो बहुधा दगावतो. शिवाय कासवांच्या बऱ्याच जातींत पिलू नर व्हावे की मादी, हे मातीच्या उष्णतेवर ठरते. माती थंड असली तर नर अधिक, तापलेली असली तर माद्या अधिक. म्हणजे खोक्यावर दिवा लावणारा मनुष्य केवळ ऊब देत नाही, जे ठरविण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही तेही नकळत ठरवून बसतो.

येथे एक शंका भाविक वाचकांच्या मनात येईल. कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीने पोसते, असा दृष्टान्त आपल्या संतांनी वारंवार दिला आहे. संस्कृत नीतिकारांनी दृष्टी मासोळीकडे दिली, स्पर्श पक्षिणीकडे दिला आणि कासवीकडे ध्यान ठेविले. प्रत्यक्षात तर कासवी पिलांचे तोंडही पाहत नाही! मग दृष्टान्त खोटा म्हणावयाचा काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला हाताने धरून ठेवावे लागत नाही असे प्रेम कसे असते, हे संतांना सांगावयाचे होते. प्राणिशास्त्र त्यांनी शिकविले नाही. जे शिकविले त्याचीच आज या परसात गरज आहे.

कायद्याचेही म्हणणे पाहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. वन्य पक्ष्यांच्या वा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूस करणेच नव्हे, तर ती अंडी वा घरटी विचलित करणे हेही तीत येते. तळ्यातील आपले नेहमीचे कासव आणि पाठीवर तारका असलेले, हौसेने घरात ठेविले जाणारे कासव, दोन्ही संरक्षित आहेत. दयाबुद्धीने अंडे उचलणाऱ्याची गणना शिकाऱ्यांत व्हावी, हे कानाला खटकते खरे. पण अंड्याच्या बाजूने पाहिले तर उचलणाऱ्याच्या मनात दया होती की लोभ, याने काय फरक पडतो?

मग अंडी कधीच उचलू नयेत काय? तसेही नाही. नाना फडणविसांच्या वेळास गावी, रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती माणसे चोरून नेत, उरलीसुरली कुत्री व कोल्हे उकरीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांस हाताशी धरून ही अंडी अलगद उचलून, कुंपण घातलेल्या वाळूत, मूळ घरट्याइतक्याच खोल खळग्यांत ठेवण्यास आरंभ केला. तेथे दिवा नाही, खोके नाही. ऊब त्याच वाळूची. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले वर येतात आणि समुद्राकडे सोडली जातात. एकही ठेवून घेतले जात नाही.

त्याहून विचार करावयास लावते ते आसामातील हाजो येथील हयग्रीव माधवाचे देवालय. मऊ पाठीचे एक काळे कासव निसर्गातून नाहीसे झाल्याची नोंद २००२ मध्ये झाली होती. ते उरले होते देवळांच्या व दर्ग्याच्या तळ्यांत, भक्तांच्या श्रद्धेच्या आश्रयाने. (पुढे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ते मोकळेही आढळले.) परंतु श्रद्धेने कासवांना मारले नाही, एवढ्याने भागले नाही. अंडी घालावयास काठावर पुरेशी वाळूच नव्हती. म्हणून तेथे अंडी गोळा करून उबविण्यात आली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांतील पिले पोबितोरा अभयारण्याच्या पाण्यात सोडली गेली. देवालयाला ती ठेवून घेता आली असती. आपल्याच तळ्यातील, आपल्याच देवाची म्हणता आली असती.

आपल्या तळ्याचे काठ आपणही बांधून काढतो. घाट सुबक दिसतो, फोटो चांगला येतो. पण कासवीने खळगा करावयाचा कोठे? ती परसात आली, ती बहुधा याचमुळे. ज्याने तिची जागा घेतली त्याच्यावर तिच्या अंड्यांचे काही देणे लागते, हे आम्ही मानतो. परंतु हे देणे टाकीत पिले ठेवून फिटत नाही. मुलांना अंड्यांविषयी जे वाटले ते खोटे नव्हते. मात्र त्या बेतात टाकी आधी ठरली होती आणि तळे कोणाला आठवलेच नव्हते.

आम्ही त्यांस इतकेच कळविले की, माती होती तशी लोटावी, वनखात्यास वर्दी द्यावी आणि खात्याचा माणूस सांगेल तसे करावे. त्याने येऊन पाहिले व मुंगसापासून रक्षण व्हावे म्हणून वर विरळ विणीची टोपली पालथी घालावयास सांगितले. अशी अंडी कित्येक महिने मातीत राहतात. मृगाच्या सरी आल्या तेव्हा आजीबाईंनी टोपली काढविली. एके सकाळी मातीत एक भोक आणि तळ्याच्या दिशेने ओल्या चिखलात बारीक रेघोट्या दिसल्या. पिलू एकही कोणाच्या दृष्टीस पडले नाही. धाकटा नातू दोन दिवस रुसून होता, असे कळते.