दोन रांगा

डेट्रॉइट शहरात नदीकाठी उभं राहून कॅनडा पाहायचा असेल तर दक्षिणेकडे तोंड करावं लागतं. शाळेच्या नकाशातला कॅनडा कायम अमेरिकेच्या डोक्यावर असतो. इथे नदीला असं वळण आहे की तो पायाशी येतो. समोर दिसतं ते विंडसर. मध्ये १९२९ सालचा पूल आणि नदीखालून १९३० सालचा बोगदा. पलीकडे गेलं की वेगाच्या पाटीवर मैलांऐवजी किलोमीटर येतात, थंडी सेल्सियसमध्ये सांगतात आणि दूध चक्क पिशवीतून मिळतं. वरवर पाहणाऱ्याला फरक दिसतो तो एवढाच.

डेट्रॉइटच्या ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांत मराठी माणसं पुष्कळ. मोटारींच्या धंद्यातली. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्या कामाची सुरुवात केली, तेच काम ती तिथे करतात. घर आहे, दोन गाड्या आहेत, गणपती आहे, दिवाळीचा कार्यक्रम आहे. आणि तरीही जेवणानंतर गप्पा रंगात आल्या की कोणीतरी हमखास विचारतं, ‘कॅनडाचं काय करायचं ठरवलंत?’ चांगलं खाऊनपिऊन सुखी असलेली माणसं शेजारच्या देशात जायचा विचार का करतात, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग माझ्या भाच्याने मला त्यांच्या रांगेचा हिशेब समजावून सांगितला.

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात. हा आकडा १९९० च्या कायद्यातला. त्यातच अर्जदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही धरायची. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ढोबळ मानाने ७ टक्क्यांच्या वर काही द्यायचं नाही. आइसलँडला ७ टक्के, भारतालाही ७ टक्के. आइसलँडमधून अर्ज किती येत असतील आणि हैदराबाद, पुणे, बंगळुरूमधून किती, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. त्यामुळे भारतीयांची रांग लांबत लांबत गेली. परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं आणि ही मंडळी ते पंचांगासारखं उघडून बघतात. २०२५ च्या उन्हाळ्यात ईबी-२ या वर्गात भारतीयांची तारीख १ जानेवारी २०१३ वर अडून बसली होती. म्हणजे त्याआधी ज्यांनी अर्जाचा पहिला कागद लावला, त्यांचा नंबर. त्या कागदाच्या तारखेला प्रायॉरिटी डेट, थोडक्यात पीडी म्हणतात. ‘तुमची पीडी कधीची?’ हा तिथे कुळ-गोत्र विचारण्याइतका साधा प्रश्न आहे.

रांगेत उभं राहायला तसं काही दुखत नाही. पगार चालू असतो, व्हिसा वाढवून मिळत राहतो. पण नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. बहुतेकांचा आरोग्यविमाही नोकरीलाच बांधलेला, म्हणजे एका ईमेलमध्ये नोकरी, विमा आणि राहण्याचा हक्क तिन्ही हलतात. मूल तीन वर्षांचं असताना आलेलं असलं तरी २१ व्या वर्षी ते आईबापांच्या व्हिसावरून उतरतं. मग त्याने विद्यार्थी व्हिसा घ्यायचा आणि ज्या गावात सायकल शिकलं त्याच गावात परदेशी विद्यार्थी म्हणून राहायचं.

जीवनमान म्हणताना आपण पगार, घर, रस्ते, शाळा, हवा एवढं मोजतो. उद्या सकाळी आपण इथेच असू की नाही, हा रकाना त्यात नसतो. कारण बहुतेकांना तो प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

याच नदीची एक जुनी गोष्ट आहे. मिशिगनमध्ये गुलामगिरी नव्हती. दक्षिणेतून निसटलेली काळी माणसं तिथवर पोचली, कामधंद्याला लागली, संसार थाटले. मग १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा आला आणि स्वतंत्र राज्यात राहूनही रात्री झोप लागेना. तेव्हा अनेकांनी ही नदी ओलांडली. ब्रिटिश साम्राज्याने गुलामगिरी त्याआधीच मोडली होती. त्या माणसांच्या हालांशी आजच्या इंजिनिअरच्या काळजीची तुलना करणं असभ्यपणाचं होईल, आणि मी ती करत नाही. एवढंच म्हणतो की, बरं चाललेलं असतानाही निर्धास्तपणासाठी इथून पलीकडे बघण्याची सवय या काठाला नवी नाही.

कॅनडाला ही नजर कळते. १६ जुलै २०२३ रोजी त्या सरकारने अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी तीन वर्षांच्या खुल्या वर्क परमिटची योजना उघडली. नोकरी आधी मिळवलेली असण्याची अट नव्हती. १०,००० अर्जांची मर्यादा होती. ती दुसऱ्याच दिवशी भरली. माझ्या भाच्याने तेव्हा अर्ज केला नव्हता. ‘बघू’ म्हणाला होता. आपल्या घरात ‘बघू’ हा निर्णयच समजला जातो.

आता पलीकडची बाजू. कॅनडातल्या दवाखान्यांची व्यवस्था समजायची तर टॉमी डग्लस यांच्या पायापासून सुरुवात करावी लागते. स्कॉटलंडहून विनिपेगला आलेल्या गरीब कुटुंबातला हा मुलगा. हाडाला संसर्ग झाला, पैसे नाहीत, डॉक्टर पाय कापायला निघाले. एका नामांकित सर्जनने विद्यार्थ्यांना पाहू देण्याच्या अटीवर फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. पुढे हाच मुलगा सस्कॅचवान प्रांताचा प्रमुख झाला. गरिबाचा पाय कोणाच्या तरी कुतूहलावर अवलंबून असू नये, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं होतं. १९४७ साली तिथे सार्वजनिक रुग्णालय विमा आला. १ जुलै १९६२ ला डॉक्टरांच्या फीचीही योजना सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. पुढे सगळ्या देशाने ती व्यवस्था उचलली आणि १९८४ च्या कायद्याने रुग्णाकडून वर पैसे घेणं बंद पाडलं. २००४ साली कॅनडातल्या प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर सर्वांत थोर कॅनेडियन म्हणून डग्लस यांना निवडलं. हॉकीपटू आणि पंतप्रधान मागे पडले.

पण तिथेही रांग आहेच. कुटुंबाचा डॉक्टर मिळणं हेच अनेक ठिकाणी अवघड. तो मिळाला तर तज्ज्ञाकडे पाठवणार, मग तज्ज्ञाची तारीख, मग शस्त्रक्रियेची. बाजारवादी विचाराची फ्रेझर इन्स्टिट्यूट दरवर्षी डॉक्टरांना विचारून याचं मोजमाप करते. २०२४ साली तिने चिठ्ठीपासून उपचारापर्यंतची मध्यम प्रतीक्षा ३० आठवडे सांगितली. या संस्थेचा कल लक्षात घेऊन आकडा थोडा सैल धरला तरी गुडघा धरून बसलेल्याला तो लांबच वाटणार. बाहेरून घ्यायची औषधं, दात, चष्मा हे मोठ्या माणसांना बहुतांशी त्या व्यवस्थेत नाहीच. घरं महाग, विशेषतः टोरांटोच्या आसपास. पगार कमी. आणि रोज सकाळी विंडसरच्या कितीतरी नर्स पूल ओलांडून डेट्रॉइटच्या रुग्णालयांत कामाला येतात, कारण डॉलर इकडे जास्त मिळतात. भाचा ज्या पुलाकडे आशेने बघतो, त्यावर समोरून येणाऱ्यांची गर्दी काही कमी नाही.

तेव्हा प्रश्न चांगला देश कोणता, असा नाहीच. रांग दोन्हीकडे आहे. कोणत्या रांगेत उभं राहणं आपल्याला जमेल, ते बघायचं. अमेरिकेच्या रांगेत तब्येत बरी असते आणि मुक्काम कच्चा असतो. कॅनडाच्या रांगेत मुक्काम पक्का होतो आणि तब्येत थांबते. मला विचाराल तर मी दुसरी निवडेन. दुखणं घेऊन थांबणं वाईटच, पण त्या रांगेतून कोणी बाहेर काढत नाही आणि नोकरी गेली म्हणून नंबर जात नाही. अर्थात, मी हे माझ्या वयात, सांगलीत बसून बोलतोय. इथे हाडांचा डॉक्टर हाकेवर आहे आणि माझी पीडी कोणी विचारत नाही.

भाच्याने या सगळ्याची एक्सेल शीट केली आहे. ती त्याने मला पाठवली. ‘मामा, तुम्ही बँकेत होतात, एकदा नजर टाका.’ शीट उत्तम होती. कर, घराचा हप्ता, शाळा, बर्फ, मुंबईची विमानं. बेरीज जवळजवळ बरोबरीत सुटत होती. मला खटकलं ते असं की, शीट त्याची एकट्याची होती.

त्याची बायको फिजिओथेरपिस्ट. एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना २०१५ पर्यंत कामच करता येत नसे. नंतर ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला आहे त्यांना परवानगी मिळू लागली, तेव्हा हिने परीक्षा देऊन मिशिगनचं लायसन्स काढलं. ते पलीकडच्या ओंटारियो प्रांतात चालत नाही. पुन्हा कागदपत्रांची तपासणी, पुन्हा परीक्षा. तिच्या रकान्यात कॅनडा म्हणजे हातातलं काम सोडून पुन्हा विद्यार्थी होणं. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, हिच्या रकान्यात मात्र कॅनडा बराच वर आहे. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका वेळी बहुधा सहा महिने. कॅनडाचा सुपर व्हिसा आईवडलांना २०२२ पासून एका खेपेत ५ वर्षांपर्यंत राहू देतो. वैद्यकीय विमा मात्र खासगी घ्यावा लागतो, मुलाचं उत्पन्नही दाखवावं लागतं. आणि तिला ५ वर्षं राहायचं आहे का, हे तिला अजून कोणी विचारलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘मला घेऊन जातो म्हणतो तेच बरं वाटतं रे. जायचं की नाही ते पुढचं.’

आपण देशांच्या याद्या बघतो. मानव विकास निर्देशांकात १९९० च्या दशकात कॅनडा अनेक वर्षं पहिला होता. तो निर्देशांक १९९० साली मांडणारे महबूब उल हक फाळणीत घरच्यांबरोबर सीमा ओलांडून पाकिस्तानात गेलेले. त्यांच्या कुटुंबाला शेजारचा देश तोलून पाहायची सवड कुठली मिळायला! पण त्यांनी सरासरी मोजायला शिकवलं आणि आता आपण घरातल्या चार माणसांवरही सरासरीच लावतो. बायकोचा तोटा अधिक आईचा फायदा भागिले चार. असं घर चालत नाही.

एक पळवाटही पुष्कळजण सांगतात. कॅनडात जायचं, कायमचा रहिवास मिळवायचा, पाच वर्षांत १,०९५ दिवस राहून नागरिकत्व घ्यायचं आणि कॅनेडियन म्हणून सोप्या व्हिसावर अमेरिकेत परत यायचं. ठीक आहे. भारताचा पासपोर्ट त्यासाठी सोडावा लागतो, हे लक्षात ठेवलेलं बरं. शिवाय अमेरिकेची ती ७ टक्क्यांची रांग नागरिकत्वावर चालत नाही, जन्मस्थळावर चालते. पासपोर्टवर कॅनडाचं राजचिन्ह आलं तरी जन्म सांगलीचाच. लग्नाच्या जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेत घुसता येतं. पण सुनबाई मिरजेच्या.

कॅनडाही आता पूर्वीइतका उदार राहिलेला नाही. घरं आणि दवाखाने पुरेनात म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात त्या सरकारने पुढच्या वर्षाचं कायमच्या रहिवाशांचं लक्ष्य ५,००,००० वरून ३,९५,००० वर आणलं.

एवढं सगळं तोलून परवा भाच्याने कॅनडाच्या कायमच्या रहिवासासाठी एक्सप्रेस एन्ट्रीची प्रोफाइल भरली. ती वर्षभर चालते, तेवढ्यात बोलावणं आलं नाही तर पुन्हा भरायची. २०१५ पासूनची ही पद्धत गुणांची आहे. शिक्षण, अनुभव, भाषा आणि वय. वयाचे पूर्ण गुण विशीतल्यांना. तिशीपासून ते घटू लागतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. तो चाळीस वर्षांचा आहे. नोव्हेंबरातल्या वाढदिवसाला दहा गुण जातील, त्याच्या पुढच्या वाढदिवसाला आणखी दहा. फ्रेंच चांगलं येत असेल तर पन्नासपर्यंत जास्तीचे गुण मिळतात, म्हणून त्याने एक ॲप उतरवून घेतलं आहे आणि कामावर जाताना गाडीत क्रियापदं घोकतो. घरात फ्रेंच खरं येतं ते मुलीला, शाळेत तिसरं वर्ष चालू आहे. पण मुलांचे गुण अर्जात धरत नाहीत.