चाकाची जागा कुणाला विचारून घेतलीस?

पुढच्या दोन्ही स्प्रिंगा दीड-दीड वेढा कापून आलास आणि व्हरांड्यात उभा राहून पहिल्या वर्षाच्या पोरांना गाडीचे फोटो दाखवतोस. मागच्या स्प्रिंगाही येत्या रविवारी कापणार, असं त्यांना सांगत होतास. मी ऐकलंय. आत ये, दार लाव. मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघून ऐक.

रस्त्यावरच्या एखाद्या हौशी मुलानं हे केलं असतं तर मी त्याला जवळ बसवून समजावलं असतं. तुझ्यावर रागावतोय, कारण तू मोटर मेकॅनिक ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. स्ट्रट उतरवणं, कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग दाबणं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवणं हे सगळं या शेडमध्ये तुला हात धरून शिकवलंय. ज्या गॅरेजवाल्यानं ग्राइंडर चालवला त्याला कळत नव्हतं, असं एक वेळ म्हणता येईल. तुला कळत होतं. कळत असून तू बाजूला उभा राहून त्याला पान्हे देत होतास.

वही काढ आणि लिही.

तुझ्या स्विफ्टच्या पुढच्या स्प्रिंगचे कामाचे वेढे सहा धरू. गाडीच्या वजनाखाली ती १८० मिलीमीटरवर बसते असं धरू. म्हणजे एका वेढ्याच्या वाट्याला ३० मिलीमीटर. दीड वेढा गेला, गाडी ४५ मिलीमीटर खाली आली. इथवर गॅरेजवाल्यालाही समजतं. आता पुढचं. चाकाला वर उचललं जायला आधी ९० मिलीमीटर जागा होती असं धर. ती ४५ वर आली, निम्मी झाली. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, हे तुझं पाठ आहे. सहाचे साडेचार झाले, म्हणजे कडकपणा एक तृतीयांशानं वाढला. पण खड्ड्याचा दणका तोच आहे, तो तुझ्यासाठी कमी झालेला नाही. तोच दणका निम्म्या अंतरात जिरवायचा तर स्प्रिंग किती कडक लागेल? दुप्पट म्हणू नकोस. स्प्रिंग किती ऊर्जा पोटात घेते हे ती किती दबली याच्या वर्गावर ठरतं. चौपट लागेल. लागते चौपट आणि तू दिलीस एक तृतीयांश जास्त. मधली तूट कोण भरणार?

शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे झेलणारे हमाल बघितलेस ना? तीस किलोचा रवा अंगावर येताना हात आणि गुडघे ओझ्याबरोबर खाली जातात, म्हणून माणूस दिवसभर काम करू शकतो. हात ताठ ठेवून झेलायला लावलंस तर एका दिवसात खांदा निखळेल. तू गाडीचे गुडघे आखडलेस. आता प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग संपते आणि दणका बंप स्टॉपवर जातो. हा रबराचा तुकडा क्वचित कधीतरी लागावा म्हणून बसवलेला असतो. तुझ्या गाडीत तो रोज मार खाणार. तो फाटला की स्ट्रटचं वरचं माउंटिंग, मग बॉडीचं पत्र्याचं घर, मग आत बसलेल्यांचं कंबरडं. तुझ्या आईला मणक्याचा त्रास आहे, दवाखान्यात न्यायचं म्हणून तू दोनदा रजा घेतलीस. कोणत्या गाडीतून नेणार आहेस तिला?

चांगली, कंपनीची कडक स्प्रिंग मागवली असती तर चाललं असतं, असं तुझ्या मनात येत असेल. तेही वहीत लिही. कडकपणा चौपट केला की गाडीच्या वरखाली झुलण्याचा वेग दुप्पट होतो. साध्या प्रवासी गाड्या सेकंदाला एक ते दीड वेळा झुलतील अशा बनवतात, कारण माणसाच्या शरीराला तेवढं सोसतं. तू ते अडीचवर नेलंस तर चांगल्या रस्त्यावरसुद्धा माणूस हैराण होईल. म्हणजे एक तर बंप स्टॉपवर आपटायचं, नाहीतर आतल्यांना हलवून काढायचं. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोजच्या गाडीला तिसरी वाट नाही. चाकाच्या प्रवासासाठी जी जागा लागते ती लागतेच, पैसे टाकून ती विकत मिळत नाही.

आणि तू तर फक्त पुढचं कापलंस. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरनं अमेरिकेत कॅडिलॅकच्या गाड्यांवर वजनं इकडून तिकडे हलवून पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा प्रश्न उकलला होता. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ ठेवायची. उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. मागचं थोडं जलद झुललं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट होऊन शांत होते. तेव्हापासून जगभर गाड्या असा हिशेब करून बनतात. तू पुढचं कडक करून तो हिशेब उलटा केलास. आता तुझी गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर नाकावर डोलत राहील.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र तुला अजून दिसलेली नाही. ती दिवसा दिसतही नाही. पुढून ४५ मिलीमीटर खाली आणि मागून होती तेवढीच, म्हणजे २४५० मिलीमीटरच्या व्हीलबेसवर गाडी जवळजवळ एक अंश नाक खुपसून उभी आहे. हेडलाइटचा लो बीम साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो. दिवा जमिनीपासून ६५० मिलीमीटरवर असेल तर उजेड ६५ मीटरवर टेकतो. आता उतार एक टक्क्याचा पावणेतीन टक्क्यांपुढे गेला आणि दिवाही खाली आला. उजेड टेकतो बावीस मीटरच्या आतच. ताशी साठनं जाणाऱ्या गाडीला, तू पटकन ब्रेक मारलास असं धरूनही, थांबायला पस्तीस मीटरच्या पुढे लागतात. डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं बटण फिरवीन म्हणू नकोस. ते शून्यावरून उजेड आणखी खाली नेतं, वर आणत नाही.

हंगाम सुरू झाला की रात्री गगनबावड्याच्या रस्त्यावर काय असतं ते तुला मी सांगायला नको. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. बैलगाड्या. पंक्चर काढायला रस्त्यातच बसलेली माणसं. बावीस मीटरवर तुला ती दिसणार आणि पस्तीस मीटरवर तू थांबणार. मधल्या तेरा मीटरांत काय होईल ते सांग मला. बोल. गप्प का?

बरं, रोड ग्रिप वाढते म्हणालास ना पोरांना? त्यात एवढंच खरं आहे की गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर आतल्या चाकाचं वजन बाहेरच्या चाकावर कमी जातं. गुरुत्वमध्य साडेपाचशे मिलीमीटरवर धरला तर तुझ्या ४५ मिलीमीटरनं आठ टक्के फरक पडतो, तोही मागची बाजू तेवढीच खाली आली असती तर. पण मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म आडवी किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली झुकलेली असते. गाडी खाली घेतलीस की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे बॉडीला कलायला तरफ जास्त मिळते. टाय रॉडचा कोनही बिघडला, म्हणून खड्ड्यात चाक आपोआप वळतं आणि स्टिअरिंग हाताला ओढतं. टायर आतल्या कडेनं खाल्ले जातील ते वेगळंच.

रेसच्या गाड्या खाली असतात. हो, असतात. कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर गतिरोधक नाही, ड्रेनेजचं झाकण नाही, नांगराचा फाळ लावून रस्त्यावर आलेला ट्रॅक्टर नाही. तिथं स्प्रिंगबरोबर शॉकअपही बदलतात, कारण कडक स्प्रिंगला परत येताना आवरायला तसाच शॉकअप लागतो. तुझा जुना शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या हिशेबानं भरलेला आहे, आणि आता त्याचा पिस्टन नेहमीच्या जागेपेक्षा खाली काम करतो.

गतिरोधकाचंही ऐकून घे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो ३.७ मीटर रुंद आणि १०० मिलीमीटर उंच असतो, ताशी पंचवीसच्या वेगानं ओलांडायचा. गोलाई १७ मीटर त्रिज्येची. गाडी त्याच्यावर आली की चारही चाकं त्याच्याच पाठीवर असतात आणि दोन चाकांच्या मधे पाठ फक्त ४४ मिलीमीटर वर येते. तिथं तुझी गाडी पार होईल. पण गावागावांत डांबराचे अरुंद, उभे ढिगारे घातलेत, ते गाडीच्या पोटाखाली पूर्ण उंचीनं येतात. कंपनीनं १६३ मिलीमीटर जागा सोडली होती. पुढच्या बाजूला आता ११८ उरली, आणि चार माणसं आणि बॅगा घेतल्या की त्याहून कमी. पहिल्यांदा बंपर घासेल. मग एक दिवस इंजिनचं ऑइल चेंबर फुटेल. तेलाचा लाल दिवा लागल्यावर तू रस्त्याकडेला जागा शोधेपर्यंत बेअरिंग गेलेलं असेल. तुझ्या वडिलांनी ही गाडी कर्जावर घेतली आहे आणि हप्ते अजून चालू आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालक तू नाहीस. कागदावर तुझ्या वडिलांचं नाव आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला तू कारण दिलंस.

आता शेडमध्ये चल, गाडी लिफ्टवर घेतली आहे. चाक हवेत लोंबतंय. स्प्रिंगला हात लाव. फिरली ना हातानं? सैल आहे. कंपनीचं टोक स्ट्रटच्या वाटीतल्या खाचेत बसायला घडवलेलं होतं, तेच तू कापून टाकलंस. घाटात खोल खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडणार आणि परत बसेल तेव्हा कशी बसेल याचा भरवसा नाही. आणि हे टोक बघ, निळं पडलंय. ग्राइंडरनं दाबून कापल्यावर तिथलं पोलाद तापलं, त्याचं पाणी उतरलं. वरचा लेप गेला. एका पावसाळ्यात इथून गंज आत शिरेल, आणि स्प्रिंग तुटते ती अशाच जागी तुटते. हे सगळं तू पहिल्या वर्षात उष्मा प्रक्रियेच्या पेपरात लिहिलंस. चांगले मार्क पडले होते तुला त्यात. मी स्वतः तपासला होता तो पेपर, म्हणून जास्त राग येतो.

उद्या हातात कोऱ्या जॉबकार्डाचा गठ्ठा येईल. लोक बायकापोरांना बसवून गाडी तुझ्या हवाली करतील. त्यातला कुणी म्हणेल, पैसे घे आणि स्प्रिंग काप. तेव्हा तू नाही म्हणशील की नाही, हे मला आज कळायला हवं.

गाडी इथून हलणार नाही. वडिलांना मी फोन करणार नाही. तू करायचास, आणि काय केलंस ते स्वतःच्या तोंडानं सांगायचंस. कंपनीच्या पुढच्या स्प्रिंगांची जोडी आण, दोन्ही बाजूंची एकदम, एकच बदलायची नाही. बंप स्टॉप आणि वरची माउंटिंग नवी. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर तोही जोडीनं बदल. काम तू करायचं, मी शेजारी उभा राहीन. मग अलाइनमेंट, आणि कॅम्बर, टो यांच्या आकड्यांची छापील पट्टी मला दाखव. त्यानंतर हेडलाइट भिंतीवर रेघ मारून लावायचे, संध्याकाळी, अंधार पडल्यावर. मी थांबेन.

कापलेल्या स्प्रिंगा भंगारात टाकू नकोस. सोमवारी पहिल्या वर्षाचा सस्पेन्शनचा तास आहे. त्या दोन स्प्रिंगा टेबलावर ठेवून तो तास तू घ्यायचास, आणि फोटो बघणारी ती पोरं पहिल्या बाकावर बसव.