रक्तातील ओढ आणि ईमानाची जबाबदारी

दारूची ओढ जर माणूस जन्मतःच सोबत घेऊन येत असेल, तर तिच्याबद्दल त्याला जाब कसा विचारावा? सुशिक्षित तरुण हा प्रश्न विचारतात, आणि तो टाळणे उचित नाही.

दारूच्या व्यसनाबाबत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यात सुमारे निम्मा वाटा अनुवंशाचा असतो, असे जुळ्यांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. चीन, जपान, कोरियातील अनेकांच्या शरीरात दारू पचविणारे एक विकर दुर्बळ असते. थोड्याशा दारूनेही त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते. म्हणून ते व्यसनात सहसा अडकत नाहीत. हे कवच त्यांची स्वतःची कमाई नव्हे. औषधांचेही तसेच. नाल्ट्रेक्सोनने एकाची ओढ ओसरते, तर दुसऱ्याला त्याचा गुण येत नाही. यामागील जनुकांचा शोध चालू आहे. परंतु जनुके तपासून औषध ठरविण्याइतके ते ज्ञान अद्याप पक्के झालेले नाही.

मग उत्तरदायित्व कोठे उरते? अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, असा सूरह अल्-बकराच्या अखेरच्या आयतीचा आशय आहे. ओढ ही परीक्षा आहे, गुनाह नव्हे. आपल्यापैकी कोणाची परीक्षा किती कठीण, हे पहिल्या घोटापूर्वी कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच सर्वांसाठी असलेली मनाई दुर्बळाभोवतीचा कोट ठरते. सबळाने दारू वर्ज्य केली, तर त्याच्या दस्तरख्वानावर दुर्बळही निर्धास्त बसू शकतो.

परंतु जो आधीच जखडला गेला आहे, त्याचे काय? दारूपायी वारंवार शिक्षा झालेल्या एका मनुष्याला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यास रोखले आणि तो मनुष्य अल्लाहवर व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली, असे सहीह बुखारीत आले आहे. शिक्षा टळली नाही; परंतु तो उम्मतीबाहेरही गेला नाही.

अनुवंशाने कर्तव्य संपत नाही, त्याचे स्वरूप बदलते. अशा माणसासाठी उपचार घेणे हा तौबेचाच भाग आहे. वर्षानुवर्षे अति पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविणे जिवावर बेतू शकते. म्हणून कुटुंबीयांनी लाजेपोटी ही गोष्ट न झाकता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. तो पुन्हा घसरला, तरी तौबेचे दार उघडेच असते. आपण मात्र घराचे दार बंद करू नये.