कारण गेले, कळ राहिली

दुखण्याला कारण असलेच पाहिजे, आणि कारण गेले की दुखणेही गेले पाहिजे, असा आपला सरळ हिशेब असतो. तो चुकला म्हणजे आपण दुखणाऱ्या माणसावरच शंका घेऊ लागतो.

आमच्या दिग्रसच्या थोरल्या वहिनींचे पित्ताशय खड्यांसकट काढले, त्याला दोन वर्षे होत आली. तरी जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि पाठीपर्यंत जाते. पहिल्या महिन्यात सगळे हळहळले. सहाव्या महिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, “काहाडून टाकलं नं बाई, मंग आता काय दुखते?” गेल्या दिवाळीत चकल्या तळताना वहिनी मध्येच उठल्या, तेव्हा “कामाच्या वेळीच बरी कळ येते” असे कोणीतरी पुटपुटले. वहिनींनी ते ऐकले. तेव्हापासून त्या ‘दुखते’ म्हणतच नाहीत, आणि घराला वाटते, आता बरे आहे.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. वाचून कळले तेवढे सांगतो. पित्त तयार होते यकृतात. पित्ताशय ही त्याची नुसती कोठी. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी ती प्रथम काढली. दुर्बिणीने ती काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. बहुतेकांना आराम पडतो. काहींचे दुखणे मात्र उरते. कधी नळीत खडा राहिलेला असतो, कधी दुखणे मुळात जठराचे किंवा आतड्याचेच असते. (कावीळ दिसली किंवा थंडी वाजून ताप आला, तर फराळ बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.) आणि कधी काहीच सापडत नाही. पण ‘काही नाही’ याचा अर्थ ‘जे शोधले ते नाही’ एवढाच.

इथवर सहृदय वाचक माझ्याशी सहमत होतील. अडचण पुढेच आहे. ज्याचा विश्वास बसतो, त्याला स्वस्थ बसवत नाही. “चला नागपूरला, पुन्हा कापू,” असे तो म्हणतो. अमेरिकेत अशा २१४ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू कापला. बाकीच्यांच्या बाबतीत कापल्याचा नुसता देखावा केला. कोणाचे काय केले हे रुग्णांना सांगितले नव्हते. वर्षाअखेर कापलेल्यांत शेकडा २३ जणांना ठरल्या कसोटीने आराम होता, आणि देखाव्यातल्या शेकडा ३७ जणांना! कापून अधिक लाभ झाला नाही; स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका मात्र अशा उपचारात असतोच.

कोणी म्हणेल, देखाव्याने बरे वाटले म्हणजे दुखणेच खोटे. हे मला पटत नाही. पोराचा गुडघा फुटला आणि आईने फुंकर घातली की रडे थांबते. म्हणून गुडघा फुटलाच नव्हता असे आपण म्हणतो का?

तेव्हा विश्वास ठेवायचा आणि हातही आवरायचा, ही दोन्ही कामे एकाच वेळी येऊन पडतात. दुसऱ्याच्या दुखण्याशेजारी रिकाम्या हाताने बसणे फार अवघड. “अजून दुखते का हो?” हे आपण विचारतो तेसुद्धा ‘नाही’ ऐकण्यासाठी, म्हणजे आपली सुटका होते.

परवा दिग्रसला गेलो असता माझ्या पत्नीने वहिनींना विचारले, “आज कुठे दुखते, वहिनी?” त्या पाऊण तास बोलत होत्या. रात्री जेवणानंतर कळ आलीच. पण या वेळी त्यांनी ती सांगितली.